पगार नंतर, व्हिसा आधी

पदवी हाती आहे, अनुभव नाही. परदेशात इंग्रजी शिकवायला कुठे जावे? आपले तरुण आधी पगार पाहतात. खरे तर आधी पाहायला हवा तो त्या देशाचा कायदा. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे. उत्तम इंग्रजी जाणणारा भारतीय तिथे बहुतेकदा केवळ पासपोर्टमुळे बाद ठरतो. भाषेची परीक्षा घ्यायची की जन्मभूमीची?

व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र आणि इंग्रजीच्या प्राविण्याचा पुरावा असेल तर इतर देशांच्या नागरिकांनाही कायदा वाट देतो. अनुभव नसलेल्याने आधी ही कागदपत्रे मिळवावीत, मगच देश निवडावा.

'टुरिस्ट व्हिसावर जा, वर्क परमिट नंतर होईल,' असे सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. मालकाने पगार बुडवला तर बेकायदा कामगार दाद कुठे मागणार? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. पैसे देण्यापूर्वी तो नोंदणी क्रमांक मागा. आई-वडिलांनी कर्ज काढून जमवलेला तो पैसा आहे.