तंजावरच्या सुखोईचं इंजिन

भोसल्यांच्या तंजावरात २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० एमकेआय विमानांची २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ स्क्वाड्रन दाखल झाली. दक्षिण भारतातली ही सुखोईंची पहिलीच.

या विमानाची दोन एएल-३१एफपी इंजिनं नुसती रेटत नाहीत, वळवतातही. मागचं नोझल १५ अंशांपर्यंत कलतं. दोन्ही नोझल मुद्दाम बाहेरच्या बाजूला तिरकी बसवलेली. त्यामुळे एक वर, एक खाली केलं की विमानाचं नाक बाजूला फिरतं. अशी करामत इंजिन आणि सांगाडा एकत्र आखल्याशिवाय जमत नाही.

ही सांगड चुकली की काय होतं, ते ‘मारुत’ या भारतीय लढाऊ विमानाला विचारावं. कुर्ट टँक यांनी आखलेलं हे देखणं विमान १९६१ साली उडालं, पण ज्या ताकदीच्या इंजिनासाठी ते बेतलं होतं ते आलंच नाही. ‘तेजस’ही २००१ मध्ये देशी ‘कावेरी’ इंजिनाविना, अमेरिकी एफ४०४वर उडालं.

तंजावरच्या सुखोईंचं खास अस्त्र म्हणजे पोटाखालचं अडीच टनी ब्रह्मोस. त्यासाठी सांगाडा मजबूत करण्याचं काम झालं आपल्या नाशिकला, एचएएलमध्ये. क्षेपणास्त्रासह पहिलं उड्डाणही तिथूनच, जून २०१६ मध्ये. इंजिनं मात्र ओडिशातल्या कोरापुटची.