आजींमागचा मांडव

दुकानाचं शटर वर जायच्या आधीच दोघं भाऊ पायरीवर उभे होते. उद्या दहावा. मोबाइलमध्ये आजींचा फोटो, नातीच्या लग्नातला. मागे गुलाबी मांडव, पाण्याचा जार, एक वाढपी, आणि आजींच्या खांद्यावर कुणाचा तरी हात.

"मागचं सगळं काढा. निळं टाका. आठ बाय दहा, फ्रेमसकट."

आमच्याकडे दिवसभर हेच चालतं. पासपोर्टच्या फोटोमागे पांढरं करणं हे काही काम नव्हे, माणूस आधीच पांढऱ्या पडद्यापुढे बसलेला असतो. गेलेल्या माणसाचं तसं नाही. त्याला पुन्हा स्टुलावर बसवता येत नाही.

आधी फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावला, कारण व्हॉट्सअ‍ॅप एरवी तो दाबून पाठवतं. आठ बाय दहा इंच ३०० डीपीआयला छापायचा तर २४०० बाय ३००० पिक्सेल हवेत. तेवढे नव्हतेच, पण चेहरा स्वच्छ होता.

फोटोशॉपमध्ये २०१८ साली 'सिलेक्ट सब्जेक्ट' आलं. एक बटण दाबलं की माणूस वेगळा. दाबलं. त्याने खांद्यावरचा हात आजींचाच धरला आणि कपाळावरचे विरळ पांढरे केस मांडवात सोडून दिले. मग पेन टूल घेतलं. खांदे, पदर, कानाची पाळी. बिंदू जितके कमी तितकी रेघ गोलाईदार, आणि रेघ कडेच्या एक पिक्सेल आत, नाहीतर भोवती मांडवाची किनार राहते. केसांना मात्र पेन चालत नाही. तिथे लेयर मास्कवर बारीक ब्रश: काळ्याने झाकायचं, पांढऱ्याने उघडायचं. खोडरबर मी वापरत नाही. पुसलेलं परत आणायचं कुठून?

पाऊण तास केसांतच गेला. पांढऱ्या केसांनी मांडवाचा गुलाबी रंग पिऊन घेतला होता. निळ्यावर ठेवल्यावर आजींनी रंगपंचमी खेळल्यासारखं दिसायला लागलं. ब्रश 'कलर' मोडवर टाकला, त्यांच्याच भांगाजवळचा करडा उचलला आणि हलक्या हाताने फिरवला. संपलं म्हणेपर्यंत चष्मा दिसला. काच आणि गाल यांच्यामधल्या नखाएवढ्या जागेत मांडव अजून तसाच. असल्या जागा बटणाला दिसत नाहीत, आणि घरच्यांना पहिल्या त्याच दिसतात.

सपाट निळ्यावर माणूस कागदावर चिकटवल्यासारखा वाटतो. लग्नातला हॅलोजन आजींच्या उजव्या गालावर होता, म्हणून त्या बाजूचं निळं थोडं उजळ केलं.

राहिला हात. तो काढला की खाली भोकच, कारण त्याखालचा पदर कॅमेऱ्याने पाहिलेलाच नव्हता. छातीवरच्या पदराचा तुकडा क्लोन स्टॅम्पने वर नेला, बुट्ट्या जुळवल्या, एक चुणी हाताने काढली. थोडक्यात, तेवढा खांदा मी रचला.

संध्याकाळी फ्रेम घ्यायला धाकटा एकटाच आला. चेहरा पाहिला, मान डोलावली. मग बराच वेळ खांद्याकडे पाहत राहिला.

"हात काढलात."

"काढायलाच लागतो."

त्याने पैसे मोजले, फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली आणि पायरीवरून परत फिरला.

"पहिल्या फोटोची पण एक कॉपी द्या. छोटी. मांडवासकट."