गर्भवतीच्या घरात कांजिण्या

हिवाळा सरत आला की शाळांतून कांजिण्या घरी येऊ लागतात. वसई-विरारच्या दाट वस्तीत एका बालकाचा आजार शेजारच्या घरी पोहोचण्यास वेळ लागत नाही. मुलांना तो बहुधा आठवड्याभरात सोडून जातो; म्हणून ‘देवी आल्या’ असे म्हणत, दाराला कडुनिंब बांधून घर स्वस्थ राहते. (देवी हा खरे तर निराळा रोग, तो १९८० साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, नाव तेवढे उरले.) घरात गर्भवती सून असेल, तर मात्र हे स्वस्थ राहणे धोक्याचे ठरते.

पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत रोगी संसर्ग पसरवतो. एकाच खोलीत पंधरा मिनिटांचा सहवासही पुरेसा असतो. लक्षणे दहा ते एकवीस दिवसांनी उमटतात. गर्भवतीस न्यूमोनिया होऊन जिवावर बेतू शकते. पहिल्या वीस आठवड्यांत लागण झाल्यास शेकडा एक-दोन गर्भांत डोळे, मेंदू वा हातापायांत व्यंग संभवते. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत मातेला पुरळ आल्यास धोका नवजात बालकाला असतो, कारण आईची प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसतात.

लहानपणी कांजिण्या झाल्या असल्यास चिंता थोडी. तसे ठाऊक नसेल, तर संपर्क येताच, पुरळाची वाट न पाहता, डॉक्टरांना फोन करावा. रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती आढळली नाही, तर दहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते. ते प्रत्येक औषधदुकानात नसते, म्हणून एकेक दिवस मोलाचा. पुरळ आलेच, तर विषाणूरोधक औषध पहिल्या चोवीस तासांत सुरू झालेले बरे. दवाखान्यात जाण्यापूर्वी कळवावे. प्रतीक्षाकक्षात इतर गर्भवतीही बसलेल्या असतात.

याच सुमारास चैत्री ओळी येते. नऊ दिवसांचे आयंबिल किंवा चौविहार ज्वरग्रस्त गर्भवतीने पाळावा, असा आग्रह घरातील ज्येष्ठांनी धरू नये. तीव्र पीडेत औषध घेता यावे यासाठी पच्चक्खाणातच ‘सर्वसमाधि-प्रत्यय’ हा आगार ठेवलेला आहे.

लस जिवंत विषाणूची असल्याने गर्भारपणात देत नाहीत. ती आधीच, दोन मात्रांत घ्यावी व त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी. शासकीय लसीकरणात ती समाविष्ट नसल्याने पदरचा खर्च येतो. विवाहाच्या अंदाजपत्रकात तो कोठेही दिसणार नाही, इतका अल्प.