दिवसभर खाणारा मासा उपाशी कसा मेला?

चंद्रपूरपासून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब. तरी माझ्या एका मित्राने घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. शंभर लिटरची. मीठ कुरिअरने मागवलं, प्रवाळाचे खडक आणले, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो म्हणून पाणी थंड ठेवायला चिलर बसवला. दोन महिन्यांनी त्यात मँडरिन मासा आला. सात आठवड्यांत तो मेला.

खरं तर मी त्याच्या घरी जाऊन मासा पाहिला होता. पोट थोडं आत गेलेलं वाटलं, तसं म्हणालोही. मित्र म्हणाला, "अबे, दिवसभर खाऊन राहिला ना तो!" मी पाहिलं, खरंच खडकावर टिपत होता. मग काय, मीही मान डोलावली. प्लवकांवर पीएच.डी. करणाऱ्या माणसाने! त्या मान डोलावण्याचाच हा हिशेब आहे. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर कागद-पेन घेऊन बसा.

आधी मासा. सिंकायरोपस स्प्लेंडिडस, पश्चिम पॅसिफिकचा, जेमतेम बोटाएवढा. १९२७ मध्ये हेरे यांनी फिलिपिन्समधून त्याचं वर्णन केलं. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी जाड, बेचव चिकट थर. त्याचा निळा रंग मात्र फार दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक प्राण्यांत निळा दिसतो तो प्रकाशाच्या खेळामुळे. याच्या कातडीत खरोखर निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी त्या दाखवल्या. (यावर कधीतरी वेगळं लिहीन, नाहीतर इथेच अडकायचो.)

आता तोंड. तोंड एवढंसं, आणि सवय दिवसभर खडकावर एकेक दाणा टिपायची. दाणा म्हणजे मुख्यतः कोपेपॉड, कवचधारी वर्गातले मिलिमीटरभर जीव. सुकं खाद्य तो बहुधा पाहतही नाही. आर्टेमियाची पिल्लं काही मासे खातात, पण उबल्यावर ती स्वतःतला साठाच जाळत जातात आणि त्यांच्यात गरजेची मेदाम्लं मुळात कमी असतात. त्यामुळे ती खाऊनही मासा वाळू शकतो.

कोपेपॉड तुम्हाला परके नाहीत. आपल्या मामा तलावांच्या पाण्यात सायक्लॉप्स असतो, तो कोपेपॉडच. घरच्या म्हाताऱ्यांना नारू आठवत असेल. न गाळलेल्या पाण्यातल्या याच सायक्लॉप्समधून तो पोटात जायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मित्राने विचारलंच, "मग तलावातलेच टाकू का?" नको. गोड्या पाण्यातला जीव समुद्राच्या पाण्यात तग धरत नाही.

म्हणजे टाकीतले कोपेपॉड टाकीतच जन्मायला हवेत. इथे हिशेब सुरू होतो.

समजा, टाकीत जास्तीत जास्त २०,००० कोपेपॉड मावतात. संख्या कमी असताना ती दिवसाला २० टक्क्यांनी वाढते, आणि टाकी भरत जाईल तसा हा वेग घटत शून्यावर येतो. समजा, मासा दिवसाला २,००० खातो. (आकडे सोयीचे आहेत, मोजलेले नाहीत.) रोजची भर कधी सर्वाधिक असते? टाकी गच्च भरलेली असताना नाही, तर बरोबर अर्धी असताना. १०,००० चे २० टक्के म्हणजे २,०००, आणि निम्मीच जागा उरली म्हणून त्याच्या निम्मे: १,०००. या टाकीला याहून जास्त जमतच नाही. मासा दुप्पट खातोय.

पण पहिल्या दिवशी २०,००० तयार आहेत! मासा व्याजावर नाही, मुद्दलावर जगतोय. समीकरण सोडवा, मुद्दल संपायला साधारण सोळा दिवस लागतात. त्या सोळा दिवसांत जो कोणी बघेल त्याला भरपूर खाणारा मासा दिसेल. पुढेही तो टिपतच राहतो. फक्त दर टिपण्यात हाती काही लागतंच असं नाही. मी पाहिलं ते टिपणं. त्यावरून निष्कर्ष काढला पोट भरण्याचा. त्याचं आत गेलेलं पोट समोर होतं, ते मी मोजलंच नाही.

आता टाकी मोठी घेऊ, अडीचशे लिटर. क्षमता ५०,०००, सर्वाधिक भर रोज २,५००. मासा २,००० खातो, म्हणजे निभेल? थांबा. भर आणि खाणं कुठे सारखं होतं ते काढा. दोन उत्तरं येतात: सुमारे १३,८०० आणि ३६,२००. संख्या १३,८०० च्या वर असेल तर ती ३६,२०० कडे जाऊन स्थिरावते. खाली असेल तर टाकी मोठी असूनही सगळं कोसळतं. म्हणजे मोठी पण नवी टाकी घेऊन उपयोग नाही. हौशी लोक अनुभवाने सांगतात की मँडरिन आणण्याआधी टाकी किमान सहा महिने मुरू द्या. ते मला आधी निव्वळ अंधश्रद्धा वाटायचं. त्यामागे हा १३,८०० चा उंबरठा आहे. शेजारी मासे न ठेवलेला शेवाळाचा कप्पा जोडतात तोही यासाठीच. तिथे मुद्दलाला कोणी हात लावत नाही.

गडचिरोलीतल्या मुलांना हे गणित नवं वाटू नये. मेंढा-लेखासारख्या गावात ग्रामसभेने आपल्या जंगलातला बांबू तोडायचा तर किती तोडायचा, हा प्रश्न याच जातीचा.

या मॉडेलमध्ये एक ठोकळ चूक आहे. कोपेपॉड विरळ झाल्यावरही मासा रोज २,०००च खातो असं मी धरलंय. खरं तर तेव्हा शोधण्यातच वेळ जाईल, खाणं घटेल, आणि थोडे कोपेपॉड वाचतील. मासा मात्र तितका उपाशी राहील. खाणं संख्येवर अवलंबून ठेवून समीकरण पुन्हा लिहा आणि उंबरठा कुठे सरकतो ते पाहा. तसंच २० ऐवजी १० टक्के घेऊन बघा. मोठी टाकीही हरते.

मित्राची टाकी सध्या माशाविना आहे. शेवाळाचा कप्पा जोडलाय. रात्री दिवे बंद झाल्यावर तो टॉर्च घेऊन काचेवरचे ठिपके मोजतो, दर रविवारी, त्याच चौकोनात, आणि आकडा मला पाठवतो. गेल्या रविवारचा आकडा ४१. त्याआधीचा ३८.