केडगावचं मुक्ती मिशन

दौंड तालुक्यातल्या केडगावात दोन नावाजलेली ठिकाणं आहेत. एक नारायण महाराजांचं बेट, दुसरं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. पहिल्याचं नाव लोक सहज घेतात. दुसऱ्याबद्दल बोलताना अजूनही काहींचा आवाज खाली येतो. बाई बाटली होती ना!

बाटली खरी, १८८३ मध्ये, इंग्लंडात. तरीही १८८९ मध्ये तिनं मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला नेलं, तेव्हा रानडे, भांडारकर पाठीशी उभे राहिले. विधवांना शिकवायचं, धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असं ठरलं होतं. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हटल्यावर १८९३ मध्ये ‘केसरी’नं झोड उठवली, सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. पालकांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण नेलेल्या मुलींचं पुढं काय, याचं उत्तर फार थोड्यांजवळ होतं. धोंडो केशव कर्वे त्या थोड्यांतले. त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं ते सदनातल्याच विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन अनाथ, उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, मग ठेवायचं कुठं? केडगावात आधीच घेतलेलं माळरान कामी आलं. विहिरी खणल्या, छपरं उभी राहिली. गुजरातच्या दुष्काळानंतर माणसं दीड हजारांच्या पुढं गेली. शेती, हातमाग, शिवणकाम, अंधांसाठी ब्रेल, सगळं आवारातच.

छापखान्याची गोष्ट मात्र वेगळीच. अक्षरओळख नसलेल्या मुली शिकून इथं खिळे जुळवू लागल्या. छपाई बायकांची, बांधणीही बायकांची. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळावं अशा मराठीत केलेलं बायबल इथंच छापलं गेलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

इथं आलेल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या पोरीनं धर्म खरंच निवडला का, हे विचारायलाच हवं. मात्र तिला निवाऱ्याला दुसरी कुठली दारं उघडी होती, तेही त्याच दमात विचारावं.

पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन आहे. मिशनमध्ये आजही मुली आणि स्त्रिया राहतात. तेव्हा आधी परवानगी घ्या, आणि फोटोंचा हट्ट धरू नका.