मुक्तांगण: पेशंटच कार्यकर्ता होतो तेव्हा

दारू सुटते हो, पण सुटलेली टिकते कशी? माझ्या विषयातला हा कळीचा प्रश्न. पुण्याच्या 'मुक्तांगण'चा इतिहास इथे कामाला येतो. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. १९८६मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. सूत्रं होती मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांकडे. भूमिका साधी: व्यसन हा आजार आहे, नुसता दोष देऊन तो बरा होत नाही. म्हणूनच बरे झालेले पेशंट इथे समुपदेशक झाले. पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला. १९९७मध्ये अनिताताई गेल्या. काम मात्र चालूच राहिलं. तोवर ते एकट्या डॉक्टरचं उरलंच नव्हतं.