थुंकी न देणारा रुग्ण

मोठ्या माणसाला क्षय आहे का हे पाहायचं तर त्याच्या हातात डबी देतात आणि सांगतात, सकाळी उठल्यावर खोलवर खोकून बेडका यात टाका. आठ महिन्यांच्या बाळाला हे कोण सांगणार? ते खोकतं आणि वर आलेला कफ गिळून टाकतं. त्या कफात जंतूही थोडेच असतात. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायचे तर एका मिलिलिटरमध्ये साधारण 5,000 ते 10,000 तरी लागतात. तान्ह्या मुलाला त्याहून कितीतरी कमी जंतू आजारी पाडतात. औषधं नव्हती त्या काळातल्या नोंदी सांगतात, की वर्षाच्या आतल्या मुलाला संसर्ग झाला तर जवळपास निम्म्या मुलांत त्याचा आजार होई आणि काहींच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचे.

क्षयाचे जंतू शोधणारं ट्रूनॅट हे छोटं चाचणीयंत्र व्हेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं. ते बॅटरीवर चालतं, तासाभरात उत्तर देतं, आणि 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते स्वीकारलं. गोव्याला त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण यंत्राला नमुना लागतो आणि घोडं तिथेच पेंड खातं.

आता कल्पना करू, की पेडणे आणि डिचोली तालुक्यांत क्षयाच्या नव्या लसीची चाचणी होणार आहे. बीसीजी सगळ्यांनाच मिळालेली. वर नवी लस अर्ध्या बाळांना द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांतला क्षय मोजायचा. मोजायचं म्हणजे कोणाला? लस खरोखर निम्मा क्षय टाळते असं धरू. लस न मिळालेल्या गटात 20 बाळांना खरा क्षय, मिळालेल्या गटात 10. पण डॉक्टरांनी दोन्हीकडे आणखी 20-20 बाळांना नुसत्या संशयावरून क्षय म्हटलं, तर आकडे होतात 40 आणि 30. निम्म्याने काम करणारी लस कागदावर पावच ठरते. दवाखान्यात संशयावरून औषध सुरू करणं शहाणपणाचं असतं, मोजणीत तोच संशय घात करतो. दक्षिण आफ्रिकेत वूस्टरच्या परिसरात एमव्हीए85ए या लसीची चाचणी 2,797 बाळांवर झाली. 2013 मध्ये निकाल आला तेव्हा लस मिळालेल्यांत 32 आणि न मिळालेल्यांत 39 बाळांना क्षय ठरला होता. एवढ्या थोड्या आकड्यांत चार बाळं इकडची तिकडे झाली तरी निष्कर्ष हलतो.

म्हणून आधी संशयाची व्याख्या लिहून ठेवतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, आठवड्याहून जास्त कारण न सापडणारा ताप, मलूलपणा, न वाढणारं वजन. या कामात मला सगळ्यात मोलाचा कागद वाटतो तो अंगणवाडीतला वजनाचा आलेख. डिचोलीच्या खाणपट्ट्यात खोकला धुळीवर ढकलला जातो, पण सपाट झालेली रेषा धुळीवर ढकलता येत नाही. पुढचा प्रश्न घरात विचारायचा: गेल्या दोन वर्षांत कोणी क्षयाचं औषध घेतलंय का? आजो रात्री खोकतो का आणि बाळ त्याच्याच मांडीवर असतं का? बाळाला क्षय बहुतेक घरातल्याच मोठ्या माणसाकडून मिळतो.

मग नमुना. जुनी रीत गॅस्ट्रिक लव्हाजची. रात्रभर गिळलेला कफ पोटात साठतो, म्हणून पहाटे बाळाला पाजण्याआधी नाकातून बारीक नळी घालून पोटातला द्रव ओढतात. जठरातलं आम्ल जंतू मारतं, तेव्हा लगेच सोडियम बायकार्बोनेट मिसळावं लागतं. असं सलग तीन दिवस. म्हणजे तीन रात्री आई इस्पितळात, घरी दुसरं मूल आजीकडे आणि बापाचा रोज बुडालेला. केपटाऊनच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये दाखवलं, की आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध देऊन, मग खारट पाण्याची वाफ देऊन कफ सुटवला आणि नळीने ओढून घेतला, तर एका नमुन्यात तीन लव्हाजांइतकं काम होतं. मात्र ते करताना ऑक्सिजन जवळ हवा आणि परिचारिकेच्या तोंडावर एन-95 हवा. अलीकडे विष्ठाही तपासतात. गिळलेला कफ शेवटी तिथेच जातो. आईला हा नमुना सगळ्यात सोपा. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, मात्र प्रत्येक नमुन्याचं करायचंच. त्यासाठी सहा आठवडेही थांबावं लागतं.

नमुन्यांच्या जोडीला संसर्ग शोधणारी मांटू चाचणी असते. तीत हातावर सुई दिल्यावर 48 ते 72 तासांनी लाली मोजायची नाही, उठलेला कडक फुगवटा मोजायचा. कुपोषित बाळात तो अनेकदा उठतच नाही, कधी बीसीजीमुळेही उठतो. एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन. बाळाच्या छातीत वरच्या बाजूला थायमस ग्रंथी असते. तिची सावली नवशिक्याला क्षयाच्या गाठीसारखी दिसते. त्यात बाळ रडत वळलं असेल तर विचारूच नका. म्हणून दोघे तज्ज्ञ एकमेकांशी न बोलता फिल्म वाचतात आणि दोघांचं जुळलं नाही तर तिसरा.

2015 मध्ये संशोधकांनी सुधारून घेतलेल्या बालक्षयाच्या व्याख्येत तीन कप्पे आहेत. कल्चर किंवा जनुकीय चाचणीत जंतू सापडला तर ‘खात्रीचा’. सापडला नाही, पण लक्षणं, एक्स-रे, रुग्णाचा सहवास किंवा मांटू, आणि औषध दिल्यावर नोंदलेली सुधारणा यांपैकी किमान दोन गोष्टी असल्या तर ‘जंतू न सापडलेला’. बाकी ‘बहुधा नाही’. कोणत्या बाळाला लस मिळाली हे कप्पा ठरवणाऱ्यांना सांगायचं नसतं. औषध द्यायचं की नाही हे वेगळे डॉक्टर ठरवतात आणि ते कप्प्यासाठी थांबत नाहीत.

गावात अडचण वेगळीच. पेडण्यातली सून बाळंतपणाला सावंतवाडीला माहेरी जाते, डिचोलीतली दोडामार्गला. बाळ दोन राज्यांच्या दोन नोंदवह्यांत पडतं. बांधकामावर आलेलं कुटुंब तर काम संपलं की गाव सोडतं. आंध्रातल्या पालमनेर तालुक्यात बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेने 2006 पासून 4,000 हून अधिक नवजात बाळांचा असाच माग ठेवला होता. इथे कोणी तसं करायला निघालं तर पात्रादेवीचा नाका ओलांडून जाणाऱ्या बाळांसाठी सिंधुदुर्गातही आपली परिचारिका आधीच नेमावी लागेल.